अध्यक्षाचा जोडीदार कोण ठरवतं?

अमेरिकेत सुरुवातीला उपाध्यक्षपदासाठी वेगळं मतदानच नव्हतं. दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळवणारा उपाध्यक्ष होई. त्यामुळे १७९६ च्या निवडणुकीनंतर जॉन ॲडम्स अध्यक्ष आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष, असा संसार चार वर्षं चालला. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मतं पडली. मग निवड संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, म्हणजे प्रतिनिधिगृहाकडे गेली; तिथे ३६ वेळा मतदान झालं, तेव्हा कुठे तिढा सुटला. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांची मतं वेगळी केली.

पुढे बराच काळ जोडीदार, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, ठरवत ते पक्षाच्या अधिवेशनातले पुढारी, आणि बघत ते कोण कुठल्या प्रांतातला, याचं गणित. १९४० मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट अडून बसले: उपाध्यक्षपदाला हेन्री वॉलेस नसतील तर मीही नाही. चारच वर्षांनी पुढाऱ्यांनी वॉलेसना हटवून हॅरी ट्रुमन यांना आणलं. रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला गेले. ८२ दिवस उपाध्यक्ष असलेल्या ट्रुमन यांना अणुबॉम्बबद्दल कळलं ते अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर. इतक्या जोखमीचं पद इतक्या सैलपणे भरलं जात होतं, हे आजही अस्वस्थ करतं.

खरा धडा मिळाला तो १९७२ मध्ये. एडवर्ड केनेडींसह अनेकांनी नकार दिल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी अर्ज भरायची वेळ टळायच्या आत मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोन केला. लपवण्यासारखं काही आहे का, असं मॅकगव्हर्न यांच्या सहकाऱ्याने विचारलं. ईगलटन नाही म्हणाले. नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात राहिले होते आणि विजेच्या झटक्यांचे उपचारही झाले होते, हे बाहेर आलं. मॅकगव्हर्न आधी ठामपणे पाठीशी राहिले, मग त्यांनीच माघार घ्यायला लावली. अवघ्या १८ दिवसांत उमेदवारी संपली. आजार हा ईगलटन यांचा गुन्हा नव्हता; चूक होती ती फोनवरच्या घाईची.

१९७६ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर यांनी इच्छुकांची आर्थिक आणि आरोग्याची माहिती आधी मागवली, काहींना जॉर्जियातल्या प्लेन्स गावी घरी बोलावून तासन्‌तास बोलणी केली आणि वॉल्टर मॉन्डेल यांना निवडलं. छाननीची आजची पद्धत इथून रुळली. तरी १९८४ मध्ये स्वतः अध्यक्षपदाचे उमेदवार झालेल्या मॉन्डेल यांनीच जोडीदार म्हणून निवडलेल्या जेराल्डिन फेरारो यांच्या पतीच्या प्राप्तिकराच्या कागदपत्रांवरून वाद पेटला आणि प्रचाराचे मोलाचे दिवस त्यात गेले.