प्रशासकीय कायदा न्यायाधीश (अमेरिका): निवड आणि नेमणूक

अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांत आणि आयोगांत बसून सुनावण्या घेणारा अधिकारी म्हणजे प्रशासकीय कायदा न्यायाधीश, बोलताना सगळे एएलजेच म्हणतात. अपंगत्वाचा भत्ता नाकारला गेला, शेअरबाजारात फसवणुकीचा ठपका आला, युनियनने मालकाविरुद्ध तक्रार केली, की प्रकरण यांच्यापुढे येतं. हे कोर्टातले न्यायाधीश नव्हेत, ज्या खात्याचा वाद त्याच खात्याच्या पगारावर असतात, आणि म्हणूनच यांना निवडायचं कोणी हा वाद इतकी वर्षं मिटलेला नाही. आपल्याकडच्या मॅट किंवा कॅटशी यांची गल्लत करू नये, ती खात्याबाहेरची न्यायाधिकरणं आहेत आणि तिथे सरकारी नोकरांचे सेवेचे वाद जातात.

हे पद नेमकं कधी सुरू झालं यावर एकमत नाही. बरेच अभ्यासक १९०६ च्या हेपबर्न कायद्याकडे बोट दाखवतात. रेल्वेच्या दरांवर लक्ष ठेवणारा आंतरराज्य वाणिज्य आयोग १८८७ चा, पण तक्रारी वाढल्या तशी प्रत्येक सुनावणी आयुक्तांनी स्वतः घेणं जमेना, तेव्हा या कायद्याने आयोगाला ‘एक्झामिनर’ नेमायची मुभा दिली. अडचण अशी की त्या कायद्यात हा शब्द दोन कामांसाठी येतो, एक रेल्वे कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासणारा आणि दुसरा शपथ देऊन साक्षी नोंदवणारा. पहिला तर सरळ तपासनीसच. दुसऱ्यात आजच्या एएलजेचं बीज दिसतं, पण तो सर्वस्वी आयोगाच्या मर्जीतला माणूस होता, नेमणूकही त्यांचीच आणि बढतीही त्यांच्याच हातात. त्यामुळे नाव १९०६ चं धरलं तरी पद म्हणून खरी सुरुवात १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यापासून मानणं जास्त सयुक्तिक वाटतं.

त्या कायद्यामागे १९३० च्या दशकातला राग होता. न्यू डीलच्या, म्हणजे रूझवेल्ट यांच्या मंदीविरोधी योजनांच्या काळात नवनवी सरकारी मंडळं निघाली, आणि तक्रार करणारे तेच, चौकशी करणारे तेच, निकाल देणारेही तेच अशी वकिलांची ओरड सुरू झाली. अॅटर्नी जनरलच्या समितीने १९४१ मध्ये अहवाल दिला, मध्ये महायुद्ध गेलं, आणि ११ जून १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. तोडगा असा निघाला की एक्झामिनर खात्यातच बसेल पण त्याची पात्रता खातं ठरवणार नाही, ते काम केंद्राची नोकरभरती बघणाऱ्या सिव्हिल सर्व्हिस कमिशनचं. खात्याने त्याचं कामगिरीचं मूल्यमापन करायचं नाही, प्रकरणं शक्यतो पाळीपाळीने वाटायची, आणि काढायचं तर सबळ कारण खात्याबाहेरच्या मंडळापुढे सिद्ध करायचं. १९५३ च्या रॅमस्पेक खटल्यात सुप्रीम कोर्टाने कमिशनचे बढती-बदलीचे नियम उचलून धरले. ‘न्यायाधीश’ हे नाव १९७२ मध्ये कमिशनने दिलं, १९७८ मध्ये ते कायद्यातही आलं.

१९७९ पासून हे काम ओपीएम या केंद्रीय कार्मिक कार्यालयाकडे आलं आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं भरतीचा रस्ता एकच होता. वकिलीची सनद, खटल्यांचा किंवा प्रशासकीय सुनावण्यांचा पूर्ण सात वर्षांचा अनुभव, मग परीक्षा. शेवटच्या रूपात आधी ऑनलाइन चाचण्या, त्यातून जो तरला त्याला वॉशिंग्टनला बोलावून लेखी काम, तर्काची चाचणी आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत. शंभरातले गुण, त्यावर माजी सैनिकांना पाच किंवा दहा वाढीव, मग यादी, आणि खात्याने यादीतल्या वरच्या तिघांतूनच एक उचलायचा. वर माजी सैनिक असेल तर त्याला ओलांडून खालचा बिगरसैनिक सहजी घेता येत नसे, आणि यामुळे महिला मागे पडतात ही टीका अनेक वर्षं होत राहिली. खात्यांचं म्हणणं वेगळं, आम्हाला बँकिंग किंवा वीजदर कळणारा माणूस हवा आणि यादीत तसा नसतो. मग त्यांनी आडवाट काढली. एकदा एएलजे झालेल्या माणसाला दुसऱ्या खात्यात जायला परीक्षा लागत नाही, त्यामुळे सोशल सिक्युरिटी या पेन्शन आणि अपंगत्व भत्त्याच्या खात्याने यादीतून माणसं घ्यायची आणि बाकीच्यांनी ती तिथून न्यायची असं सर्रास चाललं. सोशल सिक्युरिटीकडेच सगळ्यात जास्त भरती, २०१७-१८ च्या सुमारास देशात एकूण १,९०० च्या आसपास एएलजे होते आणि त्यातले बहुतेक तिथेच.

हा सगळा डोलारा २१ जून २०१८ ला हलला. शेअरबाजार नियामक एसईसीपुढच्या एका प्रकरणात रेमंड लुसिया या गुंतवणूक सल्लागाराने मुद्दा काढला की माझा निकाल देणाऱ्याची नेमणूकच घटनेप्रमाणे झालेली नाही, कारण त्याला आयोगाने नव्हे तर आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी नेमलं. खालच्या कोर्टांत दोन मतं होती. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने २००० मध्ये लँड्री प्रकरणात म्हटलं होतं की अंतिम निर्णय यांचा नसतो म्हणून हे साधे कर्मचारी, दहाव्या सर्किटने (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील कोर्टाचा विभाग) २०१६ च्या बँडिमियर प्रकरणात उलट सांगितलं. सुप्रीम कोर्टाने न्या. केगन यांच्या निकालात दुसरी बाजू धरली, एएलजे हे ‘ऑफिसर’ आहेत, त्यांना राष्ट्राध्यक्ष, न्यायालय किंवा खातेप्रमुख यांनीच नेमायला हवं, आणि लुसियाला दुसऱ्या न्यायाधीशापुढे नव्याने सुनावणी मिळावी. खात्यांनी आपापल्या न्यायाधीशांच्या नेमणुका प्रमुखाच्या सहीने पक्क्या करून घेतल्या, मजूर खात्याने तर निकालाची वाट न बघता डिसेंबर २०१७ मध्येच.

पण कोर्टाने परीक्षा रद्द केली नव्हती. ती गेली १० जुलै २०१८ च्या ट्रम्प यांच्या १३८४३ क्रमांकाच्या आदेशाने. एएलजेंची नवी पदं स्पर्धात्मक, म्हणजे परीक्षेने भरायच्या सेवेतून काढून ‘शेड्यूल ई’ नावाच्या वेगळ्या गटात टाकली, किमान अट फक्त सनदेची ठेवली, बाकी निकष ज्या त्या खात्याने ठरवायचे, माजी सैनिकांना प्राधान्य जमेल तितकं. आधीचे लोक आहेत त्या पदावर असेपर्यंत जुन्याच सेवेत राहिले. परीक्षा नसली तर खातेप्रमुख जबाबदार राहतो आणि विषयाचा जाणकार निवडता येतो असं समर्थकांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, जुनी यादी खरोखर संथ होती. तरीही १९४६ ला जे अंतर मुद्दाम राखलं होतं ते यात कमी झालं हे मान्य करावंच लागतं, कारण ज्याचा अर्ज फेटाळला गेला त्या माणसासमोर बसलेला न्यायाधीश आता फेटाळणाऱ्या खात्याच्याच निकषांवर आलेला असतो.

काढून टाकण्याचं संरक्षणही आता डळमळीत आहे. पाचव्या सर्किटने २०२२ मध्ये जार्केसी प्रकरणात ते घटनाबाह्य ठरवलं, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये तो खटला ज्युरीच्या हक्कावर निकाली काढला आणि या मुद्द्याला हात लावला नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्याय खात्याने आपण या संरक्षणाची बाजू यापुढे मांडणार नाही असं कळवलं.

इमिग्रेशन न्यायाधीश मात्र एएलजे नव्हेत, त्यांना अॅटर्नी जनरल नेमतात आणि ही परीक्षा त्यांना कधीच नव्हती. तिकडे गेलेल्या मराठी मंडळींचा एएलजेशी संबंध येतो तो बहुधा मजूर खात्यात, एच-वन-बीच्या थकलेल्या पगाराची सुनावणी तिथले एएलजे घेतात आणि ग्रीनकार्डसाठी मालकाने मागितलेलं लेबर सर्टिफिकेशन (त्या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही असा दाखला) नाकारलं तर अपीलही त्यांच्याच मंडळापुढे जातं. राज्यांची पद्धत निराळी, कॅलिफोर्नियाने १९४५ मध्येच खात्यांपासून वेगळं मध्यवर्ती कार्यालय काढून न्यायाधीश तिथे ठेवले आणि पुढे बऱ्याच राज्यांनी तसंच केलं.