काठी नाळेपुढे कशी गेली

मांडव्यापासून मुरुडपर्यंत ऑक्टोबर ते मे या हंगामात दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो. तो पाठीशी घेऊन दक्षिणेला निघालेल्या छोट्या शर्यतीच्या कॅटमरानवर, म्हणजे दोन हलांच्या (सांगाड्यांच्या) शिडाच्या नौकेवर, सगळ्यात जास्त खटपट स्पिनेकरची, म्हणजे पुढे फुगणाऱ्या मोठ्या हलक्या शिडाची असते. त्याला पुढे धरणाऱ्या काठीचं टोक किती वर, खालचा कोपरा किती ताणलेला, शीटची (शीड आवरायच्या दोराची) कडी पुढे की मागे. हे सगळं इतकं नाजूक का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण मूळचा स्पिनेकर कॅटमरानसाठी नव्हताच.

तो आला १८६०च्या दशकात, इंग्लंडच्या शर्यतींत. नौका जड, वारा थेट पाठीमागून. दोन्ही कडा सारख्या असलेलं मोठं झोळदार शीड, आणि त्याचा एक कोपरा वाऱ्याच्या बाजूला ताणून धरायला डोलकाठीला अडकवलेली काठी. वारा दुसऱ्या कुशीवर घेतला की काठी सोडवून पलीकडे लावायची.

कॅटमरानची शर्यतीतली कहाणी वेगळी. १८७६ मध्ये नॅथनेल हेरशॉफने ‘अमॅरिलिस’ ही दोन हलांची नौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. ती सगळ्यांच्या पुढे गेली आणि म्हणूनच तिला बाद ठरवण्यात आलं! (उलांडीच्या होडीवर वाढलेल्या आपल्या कोळ्याला दुसऱ्या लाकडाचं एवढं भय वाटलं नसतं.) पुढे १९६७ मध्ये टॉर्नेडो ही कॅटमरान आली, पाठोपाठ होबी १६. टॉर्नेडो १९७६ मध्ये ऑलिम्पिकला पोचली, तीही स्पिनेकरविनाच.

अडचण वेगाची होती. समजा १२ नॉटचा (ताशी १२ सागरी मैलांचा) वारा आहे आणि कॅटमरान त्याच्याशी तिरकी, नाकासमोरून १३५ अंशांवर वारा घेऊन १४ नॉटने पळते आहे. स्वतःच्या वेगामुळे तिला वारा लागतो तो सुमारे ५७ अंशांवरून, म्हणजे आडव्यापेक्षाही पुढून. जुना झोळदार स्पिनेकर अशा वाऱ्यात नुसता फडफडणार. सरळ वाऱ्याबरोबर जावं तर तोच वारा जेमतेम जाणवतो. त्यामुळे मेनसेल (मुख्य शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड) यांवरच नागमोडी उतरायचं, ही रीत कित्येक वर्षं चालली.

तोड निघाली ऑस्ट्रेलियात, एकाच हलाच्या १८ फुटी स्किफवर, म्हणजे हलक्या शर्यतीच्या होडीवर. १९८०च्या दशकात ज्युलियन बेथवेट आणि इतरांनी काठी फिरवणं सोडून दिलं. ती नाळेच्या (नौकेच्या पुढच्या टोकाच्या) पुढे मधोमध पक्की केली आणि दोन असमान कडांचा, चपटा स्पिनेकर तिच्या टोकाला बांधला. कोकणच्या नजरेला ही मांडणी फार परकी वाटू नये. मचव्याचं शीडही दोन्ही अंगांनी सारखं नसे. परबाणाचं (शीड टांगलेल्या तिरक्या काठीचं) पुढचं टोक नाळेकडे, मागच्या कोपऱ्याचा दोर तांडेलाच्या हाताशी. दिशा बदलताना परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागे. नव्या स्पिनेकरचा मागचा कोपराही जिबच्या तारेपुढूनच पलीकडे जातो.

१९९०च्या दशकात फॉर्म्युला १८ या कॅटमरानच्या वर्गाने हा स्पिनेकर वर्गाच्या नियमांतच घेतला. टॉर्नेडोने सिडनी २००० नंतर तो घेतला, २५ चौरस मीटरचा, आणि २००४ मध्ये अथेन्सला ती त्याच्यासह उतरली. त्याच काळात स्नफर रुळला : काठीखाली कापडी नळी, तिला रुंद तोंड. एकच अखंड दोर. एका बाजूने ओढला की शीड वर, दुसऱ्या बाजूने ओढला की नळीत. दोघांच्या नौकेवर, ज्यातला एक ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीच्या तारेला अडकून नौकेबाहेर लटकलेला असतो, याच्याशिवाय एवढं शीड आवरणं अवघडच.

आता जुळवाजुळवीचं कोडं सुटतं. लागणारा वारा पुढून येत असल्याने पुढची कड ताठ हवी. काठी लवचिक असली किंवा नाळांकडून येणाऱ्या तारा सैल असल्या की टोक वर उचलतं, कड पोकळ होते आणि शीड झोळदार होऊन नौकेला आडवं ढकलतं. कडेचा वरचा भाग जरासा दुमडू लागेल इतकीच शीट सैल ठेवायची, हा नियमही त्यातूनच आला. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र नवशिक्यांना पटतच नाही : झुळूक जोराची आली तरी मेनशीट (मेनसेलचा दोर) सोडायची नाही. या डोलकाठीला मागून थेट धरणारी तार नसते. स्पिनेकर शेंडा पुढे ओढतो तेव्हा त्याला मागे धरते ती मेनसेलची ताणलेली मागची कड. ती सोडली तर डोलकाठी मोडू शकते. अशा वेळी सुकाणूने नौका वाऱ्यापासून खाली उतरवायची.

जुन्या होबीवर नंतर स्पिनेकरचा सेट बसवणाऱ्याने हे जास्तच जपावं, कारण ती डोलकाठी मुळात या ओढीसाठी आखलेली नव्हती. आणि आपल्या किनाऱ्यावर आणखी एक पथ्य आहे. डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये स्पिनेकरच्या आडून दिसत नाहीत. ट्रॅपीझवरच्याने शीडाखालून पुढे बघत राहायचं, आणि शीड स्नफरमध्ये घ्यायला किती अंतर लागतं ते मोकळ्या पाण्यात आधी पाहून ठेवायचं.