बू (मारिओच्या गेम्समधलं लाजरं भूत)

बू म्हणजे निन्टेंडोच्या सुपर मारिओ मालिकेत १९८८ पासून सतत भेटणारं भूत. पांढरंशुभ्र, फुग्यासारखं गोल, पाय नाहीत, मागं छोटीशी शेपटी, दोन इवले हात, सुळे आणि लांब लाल जीभ. दिसायला एवढंच. पण बूची खरी ओळख दिसण्यात नाहीये, त्याच्या वागण्यात आहे. मारिओची पाठ असली की ते तोंड वासून मागे लागतं, आणि मारिओनं वळून त्याच्याकडे तोंड केलं की जागच्या जागी थांबतं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतं. हा एकच नियम पस्तीसहून जास्त वर्षं टिकलाय, गेम टूडीचे थ्रीडी झाले, मशीनं बदलली, मारिओ अंतराळात जाऊन आला, तरी बू अजून लाजतंच.

आपल्याकडे नेमकं उलटं सांगतात. रात्री वाटेत मागून कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही आणि मागं वळून बघायचं नाही, हे कोकणात काय किंवा घाटावर काय, आजीकडून ऐकलेलं असतंच. बूच्या बाबतीत वळून बघणं हाच एकमेव बचाव आहे, न बघता पुढं पळत राहिलात तर ते गाठतंच.

नाव

जपानीत याचं नाव तेरेसा. ‘तेरेरु’ म्हणजे लाजणं, संकोचणं, त्या क्रियापदावरून हे नाव आलंय, म्हणजे मूळ नावातच स्वभाव सांगून टाकलाय. इंग्रजीत आणताना ‘बू’ केलं, लहान मुलांना घाबरवायला तिकडे जे ओरडतात ते, आपण ‘भॉक’ करतो तसं. पहिल्या गेमच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत पूर्ण नाव ‘बू डिडली’ होतं, अमेरिकन गिटारवादक बो डिडली यांच्या नावावर केलेली कोटी. पुढे डिडली गळून पडलं आणि नुसतं बू राहिलं. मला स्वतःला जपानी नाव जास्त आवडतं, कारण इंग्रजी नाव भुताबद्दल काहीच सांगत नाही, जपानी नाव मात्र ते कसं हरवायचं त्याची हिंटच देतं.

कल्पना कुठून आली

ही गोष्ट मारिओ खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. निन्टेंडोत मारिओचे गेम बनवणारे शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे दोघं ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ करत होते, आणि तेझुका कामात इतके बुडालेले असायचे की घरी वेळच देत नव्हते. त्यांची बायको एरवी अगदी शांत, लाजाळू, पण एक दिवस तिचा बांध फुटला आणि तिनं त्यांना चांगलंच सुनावलं. त्यावरून गेममध्ये असं पात्र आलं की जे तोंडावर गप्प, आणि पाठ फिरवली की मोठं होऊन अंगावर येतं. ही हकीकत या दोघांनी नंतर मुलाखतीत सांगितली आहे. मला यातलं विशेष वाटतं ते हे की घरातल्या एका भांडणातून त्यांनी नुसतं चित्र उचललं नाही, नियम उचलला. दुर्लक्ष केलं की त्रास वाढतो, लक्ष दिलं की थांबतो. अख्खं बू या एका ओळीत येतं.

पहिली भेट आणि भुताचे वाडे

सुपर मारिओ ब्रदर्स ३ जपानमध्ये २३ ऑक्टोबर १९८८ ला आला, अमेरिकेत १९९० मध्ये. त्यात बू फक्त किल्ल्यांमध्ये भेटतं. भिंतीतून आरपार येतं, वरून उडी मारून मरत नाही, उलट आपलंच नुकसान होतं, हातोडेवाला सूट मिळाला असेल तर हातोडा फेकून मारता येतं. त्याच गेममध्ये पांढऱ्या फळीतून बाहेर डोकावणारं त्याचं एक भावंडही आहे, स्ट्रेच नावाचं.

इथं एक सांगायला हवं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आणि नंतरही घरोघरी जे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम होते, ‘९९९९ इन वन’ कॅसेटवाले, त्यात बहुतेकदा पहिला मारिओ असायचा, आणि पहिल्या मारिओत बू नाहीच. त्यामुळे मारिओ, कासवं, मशरूम, राजकन्या सगळं पाठ असलेल्या खूप मराठी लोकांना हे भूत थेट मोबाईल किंवा निन्टेंडोच्या स्विच या मशीनच्या जमान्यात पहिल्यांदा दिसलं.

बूला स्वतःचं घर मिळालं ते ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये, १९९० साली. या गेमच्या नकाशावर किल्ल्यांशिवाय वेगळे भुताचे वाडे आहेत, मारिओला पाठीवर घेऊन फिरणारा डायनासोर योशी आत यायलाच तयार होत नाही, दाराबाहेर थांबतो, कोजी कोंडो यांचं संगीत तिथं एकदम बदलतं, आणि आतला मामला नेहमीच्या लेव्हलसारखा डावीकडून उजवीकडे सरळ नसतो. एका दारातून गेलात की परत त्याच खोलीत, दुसऱ्यातून गेलात की अजून मागे, खरं दार कुठंतरी लपलेलं. गावाकडे याला ‘चकवा लागणं’ म्हणतात, रात्रभर चालायचं आणि पहाटे बघायचं तर निघालो तिथंच. वाड्यातून बाहेर पडायच्या वाटाही कधीकधी एकापेक्षा जास्त असतात, डोनट प्लेन्स या भागातल्या पहिल्याच वाड्याच्या छतावरून केप घालून उडत गेलं की पॉवर-अप्सनी (मारिओला जास्त ताकद देणाऱ्या वस्तूंनी) भरलेल्या गुप्त जागेचा रस्ता उघडतो.

याच गेममध्ये बूचं कुटुंब वाढलं. नेहमीच्या बूपेक्षा कितीतरी मोठं बिग बू आलं. बूंचं रिंगण आलं, जे गोल गोल फिरत राहतं आणि तुम्ही बघता की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, त्यामुळे लाजऱ्या बूची सवय झालेला माणूस इथं हमखास फसतो. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ठोकळा होणारं बू, मारिओनं त्याच्याकडे बघितलं की त्याचा दगडी ठोकळा होतो आणि त्यावर उभं राहता येतं, पाठ केली की परत भूत. म्हणजे जो नियम तोपर्यंत फक्त जीव वाचवायला वापरत होतो तोच इथं पायाखालची पायरी बनवायला वापरायचा. एवढ्या छोट्या कल्पनेतून एवढं काढलेलं बघून आजही भारी वाटतं. डोनट सिक्रेट हाऊस या वाड्यात बिग बू बॉस म्हणूनही भेटतं, ठोकळे उचलून फेकायचे, तीनदा लागले की खेळ खल्लास, आणि मग स्टार रोड या गुप्त भागाची वाट उघडते.

थ्रीडीत काय झालं

मारिओ ६४ (१९९६) करताना हा नियम टिकेल का हा खरा प्रश्न असणार, कारण टूडीत ‘बघणं’ म्हणजे फक्त डावीकडे की उजवीकडे तोंड एवढंच असतं, पण थ्रीडीत मारिओ कुठल्याही कोनात उभा असतो आणि वर कॅमेरा वेगळाच फिरत असतो. तिथं उत्तर असं निघालं की हिशोब मारिओच्या तोंडाचा, कॅमेऱ्याचा नाही. म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर बू दिसत असतं, पण मारिओची पाठ असेल तर त्याच्या लेखी त्याच्याकडे कोणी बघत नाहीये. तसं टूडीतही हेच होतं, आपण सगळंच बघत असतो, पण थ्रीडीत हे अंतर एकदम जाणवतं. वर या गेममध्ये समोरून बघितलं की बू अर्धपारदर्शक होतं आणि मार लागतच नाही, म्हणून मुद्दाम पाठ दाखवून जवळ येऊ द्यायचं आणि मग वरून आदळायचं असा उलटा डाव खेळावा लागतो. टूडीतलं न मरणारं भूत इथं मारता येणारं झालं, पण त्यासाठी आधी त्याला फसवावं लागतं.

त्यातली ‘बिग बूज हाँट’ ही लेव्हलही लक्षात राहते ती आत शिरायच्या पद्धतीमुळे. बाकीच्या बऱ्याच लेव्हल्सना भिंतीवरच्या चित्रात उडी मारायची असते, इथं मात्र राजवाड्याच्या मागच्या अंगणात फिरणाऱ्या एका बूच्या पोटातच पिंजरा असतो, त्या बूला हरवलं की पिंजरा खाली पडतो आणि मारिओ छोटा होऊन त्यात शिरतो. आत गेल्यावर एका खोलीत शांत उभा असलेला पियानो जवळ गेलं की दात काढून चावायला धावतो, त्यानं किती मुलांना दचकवलं असेल.

सुपर मारिओ गॅलक्सीमध्ये (२००७) पहिल्यांदा मारिओलाच बू करून टाकलं. बू मशरूम खाल्लं की मारिओ गोल पांढरा होतो, तरंगतो, जाळीतून आरपार जातो, पण उजेड पडला की संपलं, परत माणूस. आजूबाजूच्या बूंना मात्र हा नवीन बू फार आवडतो आणि लाजबीज विसरून ते त्याच्या मागे लागतात.

लुईजी आणि किंग बू

१४ सप्टेंबर २००१ ला जपानमध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या मशीनसोबतच ‘लुईजीज मॅन्शन’ आला आणि बू पहिल्यांदा एका अख्ख्या गेमचे मुख्य खलनायक झाले. मारिओचा भाऊ लुईजी, त्याला पत्र येतं की तू स्पर्धेत वाडा जिंकलास, त्यानं तर कुठल्या स्पर्धेत भागच घेतलेला नसतो, तिथं जाऊन बघतो तर मारिओ गायब, चित्रात कैद झालेला, आणि हे सगळं घडवून आणणारा मुकुटवाला किंग बू. वाड्यात ५० बू लपलेले असतात, प्रत्येकाला स्वतःचं शब्दखेळ केलेलं नाव, आणि लुईजीला ते व्हॅक्यूम क्लीनरसारख्या यंत्रानं खेचून पकडायचे असतात. बू भिंतीतून शेजारच्या खोलीत सटकतं, मग तुम्ही धावत तिकडे, तोवर ते तिसऱ्याच खोलीत. एका ठिकाणी १५ बू एकत्र येऊन एक प्रचंड मोठं बू होतं, त्याला गच्चीवरच्या युनिकॉर्नच्या पुतळ्याच्या शिंगावर नेऊन फोडायचं.

गेम मला मनापासून आवडतो, पण एक तक्रार आहे. इथले बू लाजत नाहीत. टोमणे मारतात, पळतात, लपतात, पण नजरेचा खेळ नाही. आता यात घाबरणारा लुईजी आहे, थरथरत टॉर्च धरून मारिओला हाका मारणारा, त्यामुळे दोघांनी लाजून चाललं नसतं हेही समजतं. तरी काहीतरी राहून जातं. पुढचे भाग ‘डार्क मून’ (२०१३) आणि ‘लुईजीज मॅन्शन ३’ (३१ ऑक्टोबर २०१९) मध्येही किंग बूच मुख्य शत्रू आहे, तिसऱ्यात हॉटेलभर लपलेले बू कंट्रोलरच्या थरथरण्यावरून शोधायचे असतात, ते मात्र फार छान जमलंय, कारण इथं डोळ्याऐवजी हाताला भूत जाणवतं.

चांगली बू

सगळे बू दुष्टच असं नाही. ‘पेपर मारिओ’मध्ये (२०००) लेडी बो नावाची एक बू मारिओच्या टोळीत येते, हिरवी, हातात पंखा, अगदी खानदानी ठसका, दिमतीला बटलर. तिच्या लोकांना टब्बा ब्लब्बा नावाचा राक्षस गिळत असतो आणि तो काही केल्या मरत नाही, कारण त्याचं काळीज त्याच्या अंगात नसतंच, दुसरीकडे लपवलेलं असतं. राक्षसाचा जीव पोपटात, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे, त्यामुळे त्या भागात आपल्याला कोडं जरा लवकर सुटतं. इथली बूची जमात घाबरलेली आहे, आणि भुतांची बाजू घेऊन लढायला मजा येते. लेडी बो मारिओला काही क्षण अदृश्य करते, लढाईत आणि लढाईबाहेरही.

बाकी कार्ट, पार्टी वगैरे गेम्समध्ये बू चोर आहे. सुपर मारिओ कार्टमध्ये (१९९२) बू आयटम मिळाला की समोरच्याचा आयटम चोरून आणतं आणि आपल्याला थोडा वेळ अदृश्य करतं, मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये (२०१७) ते परत आलं. मारिओ पार्टीत ५० नाणी देऊन दुसऱ्याचा स्टार चोरायला बूला पाठवता येतं, आणि त्यावरून भावंडांमध्ये खरी भांडणं होतात. मारिओ टेनिसमध्ये (२००० चा) तर बू हातात रॅकेट घेऊन खेळतं.

खेळताना

टूडी मारिओत एक बू मागे असेल तर दोन पावलं पुढं जायचं, वळून बघायचं, परत दोन पावलं, असं करत निघून जाता येतं, आणि वळायचा वेळ जितका कमी तितकं चांगलं, कारण थांबून राहिलात तर टायमर संपतो. खरी पंचाईत दोन बाजूंना दोन बू असले की होते, एकाकडे बघितलं की दुसरं सुटतं. तिथं घाबरून भराभरा डावी-उजवी करण्यापेक्षा जे जास्त जवळ आहे त्याला आधी रोखायचं, लांबच्याला मुद्दाम थोडं येऊ द्यायचं, ते पुरेसं वर किंवा खाली सरकलं की मधली फट दिसते, तिथून धावत उडी मारून पलीकडे जायचं. पलीकडे गेलात की दोन्ही बू एकाच बाजूला येतात, मग एकदा वळून बघितलं की दोघंही तोंड झाकतात.