स्पिरिच्युअल

स्पिरिच्युअल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मुख्यतः दक्षिणेकडील मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या गुलामांनी ख्रिस्ती श्रद्धेतून व मुक्तीच्या आशेतून रचलेली, मौखिक परंपरेने जतन केलेली समूहगीते. त्यांना ‘ज्युबिली’ असेही म्हणतात. हे नाव बायबलच्या ‘लेवीय’ या पुस्तकातील योबेल वर्षावरून आले असून, त्या पन्नासाव्या वर्षी दास्यात गेलेल्या बांधवांना मोकळे करावे व विकली गेलेली वतने मूळ कुळांना परत द्यावीत, असा दंडक होता. या गीतांचा घडणीचा काळ सामान्यपणे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यादवी युद्धापर्यंत (१८६१–६५) मानला जातो.

गीतांच्या उगमाविषयी दीर्घकाळ वाद झाला. व्हिएन्नाचे संगीताभ्यासक रिचर्ड वालाशेक यांनी १८९३ मध्ये ही गीते यूरोपीय चालींचे अनुकरण असल्याचे मत मांडले. हेन्‍री क्रेबील या अमेरिकी संगीतसमीक्षकांनी १९१४ मध्ये स्वरसप्तक व लय यांच्या पृथक्करणाने ते खोडून काढले. पुढे जॉर्ज पुलन जॅक्सन यांनी गोऱ्यांच्या छापील भजनसंग्रहांतील चाली व कृष्णवर्णीयांची गीते शेजारीशेजारी ठेवून पहिल्यांतून दुसरी निघाल्याचे प्रतिपादन केले. या युक्तिवादाची मर्यादा अशी, की त्यात छपाईचे वर्ष हेच जन्माचे वर्ष धरले जाते. दक्षिणेतील अनेक राज्यांत तर गुलामांना लिहावाचायला शिकविणे हाच गुन्हा होता; तेव्हा त्यांची गीते आधी छापलेली नसणे हे ती नंतरची असल्याचे लक्षण नव्हे. शिवाय १८०० च्या सुमारास केंटकी व आसपासच्या प्रदेशांत सुरू झालेल्या धार्मिक छावणी-मेळाव्यांत दोन्ही समाज एकमेकांचे गाणे ऐकत होते. १८१९ मध्ये जॉन वॉटसन या मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) लेखकाने तक्रार केली, की कृष्णवर्णीय लोक भजनांचे तुकडे जोडून, लांबलचक पालुपदे लावून, पावलांचा ठेका धरून गातात आणि काही गोरेही आता त्यांचे पाहून तसेच करू लागले आहेत. देवघेव दुहेरी होती, याचा हा प्रतिकूल साक्षीदाराने दिलेला पुरावा होय. शब्द व काही चाली आयझॅक वॉट्स प्रभृती इंग्रज भजनकारांच्या भजनांतून आल्या, गाण्याची रीत मात्र पश्चिम आफ्रिकेची, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते.

वाद इतका लांबला त्याला स्वरलेखनही कारणीभूत आहे. ॲलन, वेअर व गॅरिसन यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३६ गीतांच्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेतच, एका गायकाच्या आवाजातील सूक्ष्म फरकही कागदावर उतरत नाहीत, अशी कबुली आहे. म्होरक्या ओळ उचलतो. टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलून धरावे तसे इतर जण त्याला उत्तर देतात, पण कोणी वर जातो, कोणी खाली, कोणी मध्येच थांबतो. कागदावर उरते ती एकच सुटी चाल, आणि ती साहजिकच यूरोपीय दिसते. ही गीते गात केल्या जाणाऱ्या ‘रिंग शाउट’ या फेराच्या विधीत बाके भिंतीला सरकवून, पाय जमिनीवरून न उचलता घासत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फेर धरला जाई. दक्षिण कॅरोलायनात १७३९ च्या गुलामांच्या स्टोनो उठावानंतर कायद्याने ढोलबंदी झाली. त्यामुळे टाळ्या व पावले यांवरच लयीचा भार पडला, असे बरेच अभ्यासक मानतात.

रचना कशी होई, याचे एक वर्णन गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते जेम्स मॅकिम यांनी १८६२ च्या सी आयलंड्स (दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतची बेटे) भेटीत टिपले. गाणी कोठून येतात, असे विचारता एकाने सांगितले, की धनी मला बोलावून मापभर मका आणि शंभर फटक्यांचा हुकूम देतो; माझे सोबती ते पाहतात, हळहळतात आणि रात्रीच्या प्रार्थनासभेत तेच गातात; चांगले गाणारे ते नीट जमेपर्यंत घोळवीत राहतात.

आशय पारलौकिक की ऐहिक, हाही प्रश्न आहे. मोशे, दानिएल, यार्देन नदी हे बायबलमधील विषय पुन्हा पुन्हा येतात. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हा गोऱ्या उपदेशकांचा आवडता पाठ मात्र गीतांत जवळजवळ नाही. ‘कनान’ (बायबलमधील वचनदत्त भूमी) म्हणजे उत्तरेकडील राज्ये, असा अर्थ गुलामगिरीतून निसटलेले लेखक फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ मध्ये नोंदविला. युद्धाच्या प्रारंभी दक्षिण कॅरोलायनातील जॉर्जटाउन येथे, आपण लवकरच मुक्त होऊ, अशा आशयाचे गीत गाणाऱ्यांना तुरुंगात टाकले होते. गीतातील प्रभू म्हणजे उत्तरेचे सैन्य असे तुरुंगात टाकणाऱ्या गोऱ्यांना वाटते, असे एका ढोलकऱ्या मुलाने उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीय पलटणीचे प्रमुख कर्नल हिगिन्सन यांना सांगितले. पलायनाच्या वाटा दाखविणारी सांकेतिक गाणी म्हणून जी उदाहरणे दिली जातात, ती बहुतेक विसाव्या शतकात छापली गेलेली असल्याने जपून स्वीकारावी लागतात.

नॅशव्हिलच्या फिस्क विद्यालयाच्या गायकवृंदाने १८७१ पासून निधीसाठी दौरे काढून ही गीते सभागृहात नेली. पुढे कृष्णवर्णीय गायक-संगीतकार हॅरी बर्ली यांनी त्यांना पियानोच्या साथीचे एकल रूप दिले. १९६० च्या दशकातील नागरी हक्क चळवळीत शब्द बदलून ती मोर्चांत व तुरुंगांत गायिली गेली. फेराचा मूळ विधी जॉर्जियाच्या मॅकिंटॉश परगण्यात टिकून असून, १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या घोषणेची वाट पाहत जागविलेल्या रात्रीशी ज्याचे नाते सांगितले जाते, त्या ३१ डिसेंबरच्या जागरणाला तेथे आजही तो धरला जातो.