पांढरंशुभ्र बाथरूम आजींना सोयीचं?

‘स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाथरूममध्ये सगळं पांढरं ठेवा, गोंधळ होत नाही’, हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. पांढऱ्यावर घाण लगेच दिसते, म्हणून तो पटतोही.

पण वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. विशीच्या तुलनेत साठीत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचतो. स्मृतिभ्रंशात फिकट रंगांतला फरक आणि खोल-उथळपणाचा अंदाजही चुकू लागतो. मग पांढऱ्या टाइल्सपुढे पांढरा कमोड दिसतच नाही. आजी चाचपडत, अंदाजाने टेकतात. चकचकीत लादी ओली भासते, दाराशी टाकलेलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं. आजी तिथे थबकतात त्या हट्टाने नव्हे.

तपासायचं कसं? चाळीतलं घर असो की रीडेव्हलपमेंटमध्ये मिळालेला वन बीएचके, संध्याकाळी दिवा लावून दारातून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. सीट आणि धरायचा दांडा भिंतीत विरघळले, तर आजींनाही ते सापडायचे नाहीत. टाइल्स फोडायला नकोत: गडद निळी सीट आणि भिंतीत पक्का बसवलेला गडद दांडा लावून घ्या. टॉवेलचा दांडा मात्र आधाराला चालत नाही, तो माणसाचं वजन पेलत नाही.