पित्ताशय-उच्छेदन, दुर्बिणीद्वारे

पोट न उघडता तीन-चार छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्याची उपकरणे आत घालून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. बहुतेक वेळा कारण खड्यांचे असते. इंदूरच्या मराठी घरांत, हिंदीच्या शेजारामुळे, ‘पित्ताची थैली काढली’ असेही ऐकू येते. मराठीत छातीतली जळजळही ‘पित्त’च, त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठणारी कळ आमसुलाच्या पाण्यावर काढली जाते आणि निदान लांबते.

उघड्या पद्धतीने पहिले पित्ताशय कार्ल लांगेनबुख याने बर्लिन येथे १८८२ मध्ये काढले. दुर्बिणीच्या पद्धतीचे श्रेय वादग्रस्त आहे. बरेच लेखक ते ल्यों येथील फिलिप मूरे (१९८७) याला देतात. परंतु जर्मनीतील ब्योब्लिंगन येथे एरिख म्यूहे याने १२ सप्टेंबर १९८५ रोजीच ही शस्त्रक्रिया केली होती. १९८६ मध्ये जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्याने ती मांडली, तेव्हा तिचे स्वागत थंडेच झाले. तारखा पाहता अग्रमान म्यूहेकडे जातो. प्रसार मात्र फ्रान्समधून, विशेषतः पॅरिसच्या द्युबुआ व बोर्दोच्या पेरिसा यांच्यामुळे झाला, असे म्हणणे अधिक युक्त. भारतात तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईत १९९० मध्ये ती केली.

पोटात कार्बन डायऑक्साइड सुमारे १२ ते १५ मिमी. पारा दाबाने भरतात. (नंतर उजवा खांदा दुखतो तो या वायूने डायफ्रॅम (छाती व पोट यांमधील श्वासपटल) चाळवल्यामुळे, रुग्ण बिचारा हाडवैद्याची चौकशी करतो.) सारे कौशल्य कालो त्रिकोणात, म्हणजे पित्ताशयातून निघणारी पित्ताशयनलिका, यकृतातून येणारी पित्तनलिका व यकृत यांमधील जागेत, आहे. कालोने १८९१ मध्ये वर्णिलेल्या त्रिकोणाची वरची बाजू पित्ताशय-धमनी होती. आज तिच्या जागी यकृताची खालची कड धरतात. मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयनलिका समजून कापली जाणे हा सर्वांत घातक प्रमाद. तो टाळण्यासाठी शल्यविशारद स्ट्रासबर्ग याने १९९५ मध्ये तीन अटी ठरवून दिल्या: त्रिकोणातील चरबी व तंतू साफ करणे, पित्ताशयाचा खालचा तृतीयांश यकृतापासून सुटा करणे, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना (पित्ताशयनलिका व पित्ताशय-धमनी) उरलेल्या दिसणे. त्याशिवाय त्या बंद करणारी क्लिप (चिमटा) लावू नये. चिकटपणामुळे हे दिसत नसेल तर पित्ताशयाचा काही भाग ठेवून देणे किंवा पोट उघडणे श्रेयस्कर. त्यात कमीपणा नाही.

पित्ताशय पिशवीत घालून बहुधा बेंबीच्या छिद्रातून ओढून काढतात. खडे डबीत घालून नातेवाइकांच्या हाती देण्याची रीत सर्वत्र आहे. ते घरी आल्यागेल्याला दाखवलेही जातात. पित्ताशय मात्र तपासणीस पाठवणे इष्ट, कारण उत्तर भारतात त्याचा कर्करोग तुलनेने अधिक आढळतो.