देवनागरी खिळेजुळवणी

धातूचे सुटे खिळे हाताने एकेक उचलून ओळीत बसवायचे, ओळींचे पान बांधायचे, त्यावर शाई फिरवून कागदावर छाप घ्यायचा आणि छपाई आटोपली की तेच खिळे पुन्हा आपापल्या घरांत टाकायचे, या कामाला खिळेजुळवणी म्हणतात. ते करणारा तो जुळारी. छापखान्यात बहुधा त्याला ‘कंपोझिटर’च म्हणत. देवनागरीत हे कसब एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुजले आणि विसावे शतक सरता सरता संगणकाने ते मोडीत काढले. मूळ तंत्र युरोपातले, रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेले. देवनागरीच्या अंगावर ते कधीच नीट बसले नाही आणि जुळाऱ्याचे निम्मे कौशल्य हे न बसणारे बसते करण्यातच खर्ची पडे.

खिळा

नाव खिळा असले तरी त्याला टोक नसते. ती एक चौकोनी कांडी असते आणि तिच्या माथ्यावर आरशातल्यासारखे उलटे, उठावाचे अक्षर असते. इंग्रजी-अमेरिकी प्रमाणानुसार खिळ्याची उंची ०.९१८ इंच. एका पानातले सगळे खिळे या मापाला नेमके उतरावे लागतात. एखादा उंच राहिला तर तो कागदात रुततो आणि बुटका राहिला तर त्याला शाईच लागत नाही. अक्षराचे आकारमान पॉइंटात मोजतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे बहात्तरावा भाग. खिळ्याच्या एका अंगाला आडवी खाच असते. अक्षराकडे न पाहता, नुसत्या अंगठ्याच्या स्पर्शाने खिळा सुलटा धरला आहे की नाही, हे त्या खाचेवरून कळते.

धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू. शिसे थोड्या उष्णतेत वितळते, पण एकटे फार मऊ पडते. अँटिमनीने त्याला कठीणपणा येतो आणि थिजताना ते फारसे आकसत नाही. कथिलामुळे रस साच्याच्या बारीक कानाकोपऱ्यांत पोचतो. ओतकामाच्या आधीचे काम कोरक्याचे. पोलादी ठशावर अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून मातृका तयार करायची आणि त्या मातृकेत रस ओतून हवे तेवढे खिळे काढायचे. लिपीचे वळण खऱ्या अर्थाने ठरे ते या कोरक्याच्या हातात.

अक्षराचे मजले

रोमन अक्षरे एका रांगेत शेजारी शेजारी उभी राहतात. देवनागरी अक्षर मात्र तीन मजल्यांचे आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन. वर मात्रा, वेलांटीचा फाटा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, हलन्ताची खूण. ‘मूर्तींना’ हा साधा शब्द घ्या. म च्या पायाशी ऊकार आहे, तर ‘र्तीं’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिघांची दाटी आहे. हे सगळे चौकोनी कांड्यांत कसे मांडायचे?

पहिली वाट सरळ होती. प्रत्येक अक्षर त्याच्या स्वरचिन्हासकट सबंध ओतायचे. अशा खिळ्यांना अखंड म्हणत. पान देखणे उठे, पण ३४ व्यंजनांना बाराखडीच्या १२ रूपांनी गुणले की ४०८ खिळे होतात, आणि यात जोडाक्षरे, स्वर, अंक, विरामचिन्हे धरलेली नाहीत. दुसरी वाट लटकत्या खिळ्यांची. मात्रा किंवा रफार खिळ्याच्या अंगाबाहेर काढायचा, म्हणजे तो शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकतो. खिळ्यांचे प्रकार यात पुष्कळ कमी होतात, पण त्या लटकत्या तुकड्याला खालून भक्कम आधार नसतो आणि दाबाखाली तो मोडतो. तिसऱ्या पद्धतीत व्यंजनाचा खिळा अंगाने लहान ठेवून वरच्या-खालच्या खुणा वेगळ्या बारीक खिळ्यांनी मांडत. म्हणजे छापील ओळ एक, पण ती रचायची गवंड्याने विटांचे थर लावावेत तशी. वरच्या थरातली मोकळी जागा कोऱ्या तुकड्यांनी तंतोतंत भरली नाही, तर एका अक्षराची मात्रा सरकून दुसऱ्याच्या डोक्यावर जाई. प्रत्यक्षात छापखाने यांतल्या दोन-तीन पद्धतींची सरमिसळ करून काम भागवत.

शिरोरेषेची अडचण निराळी. हाताने लिहिताना ती एका फटकाऱ्यात ओढली जाते. खिळ्यांत मात्र प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येते आणि ते तुकडे एकमेकांना भिडले तरच रेषा सलग दिसते. नवे खिळे नीट भिडतात. कडा झिजल्या की शब्दाच्या माथ्यावर पांढऱ्या फटी पडू लागतात. जुन्या मराठी पुस्तकाचे पान थोडे तिरपे धरून पाहिले तरी त्या दिसतात. शिवाय तीन मजले एकाच उंचीत कोंबायचे म्हणून मधले अक्षर आखूड करावे लागे. त्यामुळे १२ पॉइंटचे देवनागरी अक्षर १२ पॉइंटच्या रोमन अक्षराहून डोळ्यांना बारीक वाटते.

मराठीच्या खास गरजा आणखी होत्या. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला चंद्रकोरीसारखा र हिंदीत लागत नाही. मराठीला त्याचा खिळा हवाच. ल आणि श यांचे मराठी वळण वेगळे, अ आणि झ यांची मुंबई व कलकत्ता अशी दोन वळणे. एकाच शब्दात ती मिसळली की वाचकाला खडा लागल्यासारखे होई.

जुळणीची रीत

खिळे ठेवण्याची उथळ, खणाखणांची लाकडी पेटी म्हणजे केस. तिच्या प्रत्येक खणाला घर म्हणत. रोमन लिपीला दोन केसी पुरतात. देवनागरीचा जुळारी समोर आणि दोन्ही बाजूंना केसी मांडून मध्ये उभा राही. ज्यांचे काम सतत पडते त्या खिळ्यांची घरे मोठी आणि हाताजवळ, क्वचित लागणारी जोडाक्षरे लांबच्या कोपऱ्यात. घरांवर चिठ्ठ्या नसल्या तरी चाले, कारण कोणते अक्षर कुठे हे हाताला पाठ असे.

डाव्या हातात स्टिक, म्हणजे एका बाजूने उघडी धातूची पट्टी. तिच्यावर ओळीची रुंदी आधी पक्की करायची. उजवा हात घरातून खिळा उचलतो, बोटातल्या बोटात फिरवून खाच योग्य बाजूला आणतो आणि डावीकडून उजवीकडे बसवत जातो. अक्षरे उलटी असतात, ओळही डोके खाली करून उभी असते. मुरलेला जुळारी ती सुलट मजकुरासारखी सहज वाची. ह्रस्व वेलांटी आली की उच्चाराचा क्रम सोडावा लागे. ‘कि’ म्हणताना क आधी येतो, स्टिकमध्ये मात्र आधी वेलांटी आणि मग क. रफाराचे याच्या उलट. ‘अर्थ’मधला र उच्चारात थ च्या आधी, पण बसतो थ च्या डोक्यावर. नजर हस्तलिखितावर, कान मनातल्या उच्चाराकडे आणि हात या दोघांपेक्षा वेगळ्या क्रमाने चाललेला. शिकाऊ मुलगा अडखळे तो इथेच.

ओळ संपत आली की शब्दांमधले कोरे तुकडे बदलून ती दोन्ही कडांना घट्ट बसवायची. हे दिसायला सजावटीचे काम, पण खरे कारण यांत्रिक आहे. सैल ओळीतले खिळे छपाईत वर येतात किंवा गळून पडतात. ओळींच्या मध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालत. स्टिक भरली की ओळी गॅलीत, म्हणजे कडा असलेल्या लांबट तबकात, उतरायच्या, मजकुराचे प्रूफ काढायचे, मुद्रितशोधकाच्या खुणांप्रमाणे चिमट्याने खिळे बदलायचे. एक शब्द वाढला तर परिच्छेदाच्या शेवटपर्यंत सगळ्या ओळी पुन्हा जुळवाव्या लागत. प्रुफात वाक्येच्या वाक्ये नव्याने लिहिणाऱ्या लेखकांचा छापखान्यात जो उद्धार होई, त्याचे मूळ यात आहे.

मग पाने दोऱ्याने बांधून दगडी किंवा लोखंडी सपाट पाटावर मांडायची. मांडणी अशी की छापलेला कागद घडी घातल्यावर पाने क्रमाने यावीत, त्यामुळे पहिल्या पानाच्या शेजारी भलतेच पान असते. सगळे लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून आवळले की फर्मा तयार. तो उचलून किंचित हलवून पाहायचा. एकही खिळा गळला नाही तर तो छपाईयंत्रावर जाई.

छपाईनंतरचे काम बाहेरच्यांना ठाऊक नसते. शाईने माखलेले खिळे रॉकेलने धुऊन पुन्हा घराघरांत सोडावे लागत. बहुतेक छापखान्यांत पूर्ण पुस्तक एकदम उभे राहील इतके खिळे कधीच नसत. एक फर्मा छापायचा, सोडायचा, आणि त्याच खिळ्यांत पुढचा जुळवायचा. एखादे अक्षर मध्येच संपले तर त्याच जाडीचा दुसरा खिळा पालथा घालून जागा धरून ठेवत. खिळे सोडण्याचे काम नवशिक्याकडे येई आणि घरांची ओळख त्याला त्यातूनच होई. त्याने भ म च्या घरात टाकला, की दुसऱ्या दिवशी जुळाऱ्याच्या हातून चूक झालीच.

मुद्राराक्षस

छापील चुकांना मराठीत मुद्राराक्षसाची करणी म्हणतात. विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे नाव छापखान्याच्या भुताला चिकटवणारा हा विनोद फारच चपखल आहे. पण सगळ्या चुका जुळाऱ्याच्या नसत. लटकता रफार किंवा अनुस्वार छपाई चालू असताना मोडतो, म्हणजे पहिल्या शे-दोनशे प्रती शुद्ध आणि पुढच्या अशुद्ध असे एकाच आवृत्तीत घडू शकते. चिंता आणि चिता यांत फक्त बिंदूचे अंतर आहे असे सुभाषितकार म्हणून गेला. खिळ्यांच्या छापखान्यात ते अंतर कधीही मिटू शके. जुन्या ग्रंथांची पाठचिकित्सा करताना म्हणून एकाच प्रतीवर विसंबणे धोक्याचे.

आरंभ

गोव्यात १५५६ साली छापखाना आला, पण तो देवनागरीचा नव्हे. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत. या देशाच्या लिपीत छापायची इच्छा स्टीफन्स यांना होतीच. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी अडचण सांगितली आहे ती अशी की, युरोपात २४ साचे पुरतात, इथे ६०० लागतील. पुढची साडेतीनशे वर्षे देवनागरी मुद्रणाने ज्या गणिताशी झुंज दिली, ते या पत्रात आधीच मांडलेले आहे. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या विनंतीवरून हेन्री हिल्स हा मुद्रक १६७४ साली मुंबईत आला, पण त्याला खिळे कोरता-ओतता येत नसल्याने तोही प्रयत्न वाया गेला.

खरी सुरुवात बंगालात झाली. चार्ल्स विल्किन्स यांच्याकडे अक्षर कोरायला शिकलेले पंचानन कर्मकार पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेले आणि त्यांनी तिथे देवनागरी ठसे कोरले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण त्याच छापखान्यातून १८०५ साली बाहेर पडले. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठी छपाई सुरू केली. तरीही मुंबईत बरीच वर्षे शिळाछापाचाच, म्हणजे दगडावर लिहून केलेल्या छपाईचाच, जोर होता, आणि ते साहजिक आहे, कारण दगडावर लिहिणाऱ्याला सहाशे साचे लागत नाहीत. गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले तेही आधी शिळाछापावर.

मराठी खिळ्यांना घाट आला तो पुढे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली पोरवयात खिळे घासण्याचे काम केलेल्या जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे निर्णयसागरची अक्षरे भारतभर नावाजली गेली. संस्कृत ग्रंथांच्या छपाईत तर निर्णयसागरची प्रत म्हणजे प्रमाण, असा लौकिक झाला. तो संपादनाइतकाच कोरक्याचाही आहे.

लिपी की खिळे?

खिळे कमी करण्याचा एक मार्ग लिपीच बदलण्याचा होता. उभ्या दांड्याच्या अक्षरांचा अर्धा भाग आणि काना वेगळे ठेवले की ग, त, म यांसारख्या अक्षरांची पूर्ण आणि अर्धी रूपे त्याच खिळ्यांतून निघतात. उभी जोडाक्षरे मोडून हलन्त वापरला की आणखी बचत. सावरकरांनी पुरस्कारलेली अ ची बाराखडी (अि, अी, अु, अे) इ, ई, उ, ए हे वेगळे खिळेच नको म्हणते. लिपीसुधारणेसाठी भरलेल्या १९५३ च्या लखनौ परिषदेने ह्रस्व वेलांटीही व्यंजनाच्या उजवीकडे, दीर्घ वेलांटीपेक्षा आखूड दांड्याने लिहावी असे ठरवले. ते लोकांनी स्वीकारले नाही. यंत्राच्या सोयीसाठी वाचकाने आपला डोळा मोडून घ्यावा, ही अपेक्षाच अवास्तव होती. मराठी जुळाऱ्याला खरा दिलासा मिळाला तो शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनी. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि वरच्या मजल्यावरची असंख्य टिंबे एकदम कमी झाली.

अस्त

एकेक ओळ ओतणारे लायनोटाइप यंत्र १८८६ पासून अमेरिकेत वापरात आले. त्याच्या कळफलकाला कळा ९०. देवनागरी त्यात बसवण्यासाठी हरि गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात अक्षरांची रूपे तोडून-जोडून पाहिली. मोनोटाइप सुटे खिळे ओतत असल्याने ग्रंथछपाईला अधिक मानवले. तरी लहान छापखान्यांत पत्रिका, पावत्या, साप्ताहिके हातानेच जुळत राहिली, कारण खिळे घरात होते आणि यंत्र महाग होते. ऑफसेट आणि संगणकीय अक्षरजुळणी आल्यावर हा हिशेब उलटला. मिश्रधातूला किंमत असल्याने केसीच्या केसी वजनावर मोडीत गेल्या आणि वितळल्या. लाकडी पेट्या तेवढ्या शोभेच्या वस्तू म्हणून उरल्या.

आज ‘कि’ लिहिताना आधी क ची कळ दाबतात, मग वेलांटीची. वेलांटी उचलून डावीकडे नेऊन ठेवण्याचे काम संगणकातली आज्ञावली करते.